इतिहासाची पदवी आणि शरणपूर

‘इतिहास घेऊन पुढे काय करणार?’ कला शाखेचा प्रवेशअर्ज घरात आला की आपल्या कुटुंबांतून हा प्रश्न हमखास निघतो. वस्तुतः नाशिकनगरीत या विषयाची वाट जुनी आहे. गोखले एज्युकेशन सोसायटीने येथे १९२४ साली महाविद्यालय काढले. १९८९ साली मुक्त विद्यापीठ आले आणि बारावी हुकलेल्यांनाही पूर्वतयारी परीक्षा देऊन बी.ए. करता येऊ लागले.

नव्या चौकटीत तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० श्रेयांक लागतात, चार वर्षांच्या पदवीस १६०. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळविणाऱ्यास चौथ्या वर्षी संशोधन करून प्रबंध लिहिता येतो. आमची नजर या प्रबंधावर आहे.

विषय दूर शोधायला नको. शरणपूरला प्रॉटेस्टंट बांधवांच्या चर्च मिशनरी सोसायटीच्या शाळेत, गुलामांच्या जहाजांतून सोडविलेली आफ्रिकन मुले शिकत. त्यांतलाच जेकब वेनराइट. १८७३ साली आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंगस्टन निवर्तले, तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना त्याने वाचली. जवळच्या झाडावर त्यांचे नाव कोरले. देहासोबत तो इंग्लंडला गेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीच्या मानकऱ्यांत चालला. त्याची रोजनिशीही आहे! नाशिकच्या किती पदवीधरांना हे नाव ठाऊक असेल?

आपल्या धर्मग्रामांतील बाप्तिस्म्याच्या आणि विवाहांच्या जुन्या नोंदवह्या हेही असेच साधन. त्या पाहण्याची परवानगी विद्यार्थ्याने धर्मगुरूंकडे पहिल्याच वर्षी मागावी.