मृतदेहावर हक्क कोणाचा?

“डॉक्टर, बाबांनी देहदानाचा फॉर्म भरलाय, पण काकांचा विरोध आहे. आता चालणार कोणाचं?” असा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. हा वाद जुनाच आहे.

इंग्लंडमधील हेन्री क्रुकेंडन १८७५ मध्ये वारले. आपला देह मिस विल्यम्स या मैत्रिणीकडे सोपवावा, तिने त्याचे दहन करावे आणि खर्च इस्टेटीतून मिळावा, असे त्यांनी लिहून ठेवले होते. त्या काळी तिथे दफनाचीच रीत होती. घरच्यांनी त्यांना पुरले. पुढे मिस विल्यम्स यांनी दुसरीकडे दफन करायचे असे सांगून परवानगी मिळवली, देह इटलीत मिलानला नेऊन दहन केले आणि खर्चासाठी दावा लावला.

१८८२ मध्ये त्या हरल्या. कोर्ट म्हणाले, मृतदेह ही कोणाची मालमत्ता नाही, त्यामुळे तो मृत्युपत्राने कोणाला देता येत नाही. अंत्यविधी करणे हे एक्झिक्युटरचे कर्तव्य आहे आणि त्या कर्तव्यापुरताच देहाचा ताबा त्याच्याकडे असतो.

आजही आपल्याकडे फॉर्म भरला तरी मृत्यूनंतर मेडिकल कॉलेजला कळवायचे नातेवाइकांनीच. घरी मृत्यू झाल्यास २१ दिवसांत त्याची नोंद करण्याची जबाबदारीही कुटुंबाचीच असते.

म्हणून आपली इच्छा नुसती कागदावर ठेवू नका. घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून ती आजच सांगा. दुःखाच्या प्रसंगी त्यांचा वाद टळेल.