सवड : लखनौच्या संदर्भात कामांच्या वेळापत्रकाचा एक विचार

काळाच्या मांडणीची जी रूपे साहित्याच्या अभ्यासकाला परिचयाची असतात (बखर, रोजनिशी, चरित्र, शकावली) ती बहुतेक घडून गेलेल्या काळाविषयी बोलतात. पंचांग पुढचा काळ सांगते. परंतु तो ग्रहगतीचा काळ असतो. माणसांनी अद्याप न केलेल्या कामांची क्रमवार आणि मुदतबद्ध मांडणी करणारी संहिता म्हणजे अभियंत्याचा नियोजन-तक्ता होय. तिची दोन रूपे रूढ आहेत : आडव्या पट्ट्यांचा तक्ता आणि बाणांनी जोडलेल्या कामांचे जाळे. या दोन रूपांचा इतिहास तौलनिक साहित्याभ्यासाला परका नाही, आणि लखनौ या एकाच शहरातील दोन बांधकामे शेजारी ठेवली असता त्या रूपांची मर्यादाही ध्यानात येते, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

पट्टीचा उगम कारखान्यात झाला असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तो चरित्रवाङ्मयाजवळ शोधावा लागतो. जोसेफ प्रीस्टली यांनी १७६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्र-तक्त्यात सुमारे दोन हजार व्यक्तींची आयुष्ये आडव्या रेषांनी दाखविलेली होती. रेषेची लांबी म्हणजे आयुर्मान. जन्ममृत्यूचे वर्ष अनिश्चित असेल तेथे रेषेऐवजी ठिपके दिलेले होते. कोण कोणाचा समकालीन, हे वाचकाला एका दृष्टिक्षेपात कळावे हा त्यामागील हेतू. पुढे हीच रेषा कामाच्या नियोजनाकडे आली. पोलंडमधील अभियंते कारोल आदामिएत्स्की यांनी १८९६ च्या सुमारास ‘हार्मोनोग्राम’ची कल्पना मांडली, अमेरिकेत हेन्री गँट (१८६१-१९१९) यांच्या नावाने पट्टी-तक्ता रूढ झाला आणि १९२२ मधील वॉलेस क्लार्क यांच्या पुस्तकामुळे तो अनेक देशांत पोहोचला. माणसाच्या आयुष्याची रेषा अशा रीतीने कामाच्या मुदतीची पट्टी झाली. या स्थलांतरात प्रीस्टलींचे ठिपके मात्र गळून पडले. पट्टी निश्चित जागी सुरू होते आणि निश्चित जागी संपते. शंकेला तिच्यात स्थान उरले नाही.

पट्टीत आणखी एक उणीव आहे. कोणते काम केव्हा हे ती सांगते; कोणते काम कोणावर अवलंबून हे सांगत नाही. ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये कथा आणि कथानक यांत केलेला भेद येथे उपयोगी पडतो. घटनांचा नुसता कालक्रम ही कथा. त्यांतील कार्यकारणसंबंध उघड झाला की कथानक. या परिभाषेत पट्टी-तक्ता ही कथा आहे. कथानक सांगणारी आकृती तीस वर्षांनी आली. १९५७ मध्ये ड्यू पाँ या रसायन-कंपनीत मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी निर्णायक मार्गाची पद्धत विकसित केली. १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी ‘पर्ट’ ही पद्धत सिद्ध झाली. पर्टमध्ये प्रत्येक कामासाठी आशावादी, संभाव्यतम आणि निराशावादी असे तीन अंदाज घेतले जातात. प्रीस्टलींचे ठिपके येथे वेगळ्या रूपाने परतले, असे म्हणता येईल.

या आकृतीचे मर्म एका लहान कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. उन्नत रेल्वेमार्गाच्या एका भागाचा पाया घालण्यास ४ आठवडे आणि त्यावर खांब उभारण्यास ६ आठवडे लागतात. दरम्यान दुसऱ्या आवारात गर्डर ओतण्याचे काम ८ आठवडे चालते. खांब आणि गर्डर दोन्ही तयार झाल्यावर गर्डर चढविण्यास ३ आठवडे लागतात. पाया-खांब-चढवणे हा मार्ग १३ आठवड्यांचा, तर गर्डरचा मार्ग ११ आठवड्यांचा. म्हणजे संपूर्ण काम १३ आठवड्यांपेक्षा लवकर होणार नाही. सर्वांत लांब मार्ग सर्वांत कमी मुदत ठरवितो. तोच निर्णायक मार्ग. त्यावरील एका दिवसाचा विलंब साऱ्या प्रकल्पाचा विलंब होतो. गर्डर ओतणाऱ्यांना मात्र दोन आठवड्यांची मोकळीक आहे. इंग्रजीत तिला ‘फ्लोट’ किंवा ‘स्लॅक’ म्हणतात. मराठीत ‘सवड’ हा शब्द तिला नेमका लागू पडतो. परंतु व्यवहारातील सवड माणसाला असते. आकृतीतील सवड कामाला असते. हा फरक पुढील विवेचनाचा आधार आहे.

आता लखनौकडे वळू. विक्रम संवत १८४० मध्ये पडल्यामुळे ‘चालिसा’ म्हणून ओळखला जाणारा दुष्काळ उत्तर हिंदुस्थानात पसरला असता, १७८४ मध्ये नवाब आसफउद्दौला यांनी बडा इमामबाडा बांधावयास घेतला. त्याचा आराखडा किफायतुल्ला यांचा. सुमारे ५० मीटर लांब आणि १६ मीटर रुंद अशा मुख्य दालनाचे छत तुळयांच्या आधाराविना उभे आहे. त्याच्या वरच्या अंगास सुप्रसिद्ध भुलभुलैया आहे. दुष्काळग्रस्तांना रोजगार देणे हा या बांधकामाचा एक हेतू होता. त्याविषयीची आख्यायिका सर्वश्रुत आहे : दिवसा मजूर बांधीत आणि रात्री त्यातील काही भाग पाडला जाई, रात्रीच्या कामावर प्रतिष्ठित घराण्यांतील माणसेही येत, कारण अंधारात त्यांचे चेहरे ओळखू येत नसत.

ही आख्यायिका आख्यायिका म्हणूनच वाचावी. तरी तिच्यातील कालविचार लक्षणीय आहे. निर्णायक मार्गाची सारी पद्धत काम लवकर संपावे या गृहीतावर उभी आहे. येथे काम संपणे हीच आपत्ती होती, कारण काम संपले की मजुरी संपली. मुदत वाढविणे हे या प्रकल्पाचे अपयश ठरत नाही. तो त्याचा उद्देश ठरतो. त्या रात्रीच्या अंधाराला जाळ्याच्या आकृतीत जागा देता येणार नाही, कारण त्या आकृतीत बाण फिरून आधीच्याच कामाकडे परत येऊ शकत नाही.

लांबणीचे हे मूल्य लखनौच्या वाङ्मयसंस्कृतीतही आढळते. १८५८ मध्ये येथे स्थापन झालेल्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ पासून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ या प्रचंड दास्तानीचे खंड छापले. दास्तानगोईत ‘दास्तान रोखणे’ हे कौशल्य मानले जाई : कथानक पुढे न नेता वर्णनाच्या बळावर श्रोत्यांना धरून ठेवणे. इमामबाड्याची आख्यायिका आणि दास्तानीची कला यांचा परस्पर प्रभाव सिद्ध करण्याचा येथे हेतू नाही. दोहोंत विलंबाला उणीव मानलेले नाही, एवढेच साम्य नोंदवावयाचे आहे.

दोन शतकांहून अधिक काळानंतर याच शहरात मेट्रोचे काम सुरू झाले आणि तेथील कालविचार याच्या नेमका उलट होता. त्याचा वारसा समजण्यासाठी कोकणाकडे पाहावे लागते, कारण लखनौ मेट्रोचे तत्कालीन प्रधान सल्लागार ई. श्रीधरन हे कोकण रेल्वे महामंडळाचे पहिले अध्यक्ष होत. १९९० मध्ये स्थापन झालेल्या या महामंडळाने रोहा ते मंगळुरूजवळील ठोकूर हा मार्ग सुमारे पाच वर्षांत पुरा करण्याचे योजिले होते. दोन्ही टोकांचे पहिले टप्पे १९९३ मध्ये खुलेही झाले. संपूर्ण मार्ग मात्र २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण झाला. मधला विलंब जेथे झाला ती स्थळे मराठी वाचकाला ठाऊक आहेत. गोव्यात मार्गाच्या आखणीविषयी आंदोलन झाले, १९९३ मध्ये काम काही काळ थांबले आणि न्यायमूर्ती ओझा यांच्या आयोगापुढे प्रश्न गेला. पेडण्याच्या बोगद्यात मऊ माती पुन्हा पुन्हा ढासळली. आंदोलन आणि माती ही दोन्ही तक्त्याबाहेरून आली आणि निर्णायक मार्गावर जाऊन बसली. रत्नागिरी येथे या बांधकामात प्राण गमावलेल्यांचे स्मारक आहे. त्या माणसांच्या आयुष्यरेषा कोणत्याही पट्टीत दाखविलेल्या नव्हत्या.

पुढे दिल्ली मेट्रोच्या कामावर श्रीधरन यांनी उरलेले दिवस उलट मोजणारी घड्याळे लावली. शकावली आरंभापासून मोजते. हे घड्याळ शेवटापासून मोजते. लखनौ मेट्रोचे बांधकाम २७ सप्टेंबर २०१४ रोजी सुरू झाले. १ डिसेंबर २०१६ रोजी चाचणी-फेरी झाली. ५ सप्टेंबर २०१७ रोजी ट्रान्सपोर्टनगर ते चारबाग हा साडेआठ किलोमीटरचा टप्पा उद्घाटित झाला आणि मार्च २०१९ मध्ये मुन्शीपुलियापर्यंतचा जवळजवळ २३ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. नागरी बांधकामाच्या मानाने ही गती असाधारण आहे आणि तिचे श्रेय कामांच्या परस्परावलंबनाचा बारकाईने विचार करणाऱ्या नियोजनाला द्यावयास हवे. तथापि, प्रवाशांसाठी सेवा सुरू झाली त्या पहिल्याच दिवशी एक गाडी मार्गात बंद पडली व प्रवाशांना उतरवावे लागले. तक्त्यातील पट्टी संपते तेथे वापरणाऱ्याचा काळ सुरू होतो.

या तुलनेतून नवाबी काळ माणुसकीचा आणि आजचा काळ यांत्रिक, असा सोपा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. इमामबाड्याची लांबण दुष्काळातील असहायतेवर उभी होती, आणि मेट्रोची वेळेवरची पूर्तता रोज कामावर जाणाऱ्या सामान्य माणसाचा वेळ वाचविते. प्रश्न वेगळा आहे : मोजला जातो तो काळ कोणाचा? पट्टी-तक्ता प्रकल्पाचा काळ मोजतो. जाळे कामांचा काळ मोजते आणि कामाला सवड देते. आख्यायिका मात्र, तिची ऐतिहासिकता काहीही असो, मजुराचा काळ मोजते. संहितेत कोणाचा आवाज नाही हे शोधण्याची जी सवय कथनमीमांसेने लावली आहे, तीच नियोजन-तक्त्यापुढे लावली, तर प्रीस्टलींनी जेथे आयुष्य मांडले होते तेथे आपण नुसती मुदत केव्हा मांडू लागलो, हे दिसू लागते. त्या रिकाम्या जागी निदान त्यांचे ठिपके तरी परत द्यावेत, इतपत अपेक्षा साहित्याच्या अभ्यासकाने अभियंत्याकडून ठेवण्यास हरकत नाही.