बीजीएमआयमध्ये लांबचा शत्रू दिसत का नाही? समजून घ्या डिस्प्ले सेटिंग्समागचं साधं गणित

बीजीएमआय खेळणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हा अनुभव येतो. समोरच्या डोंगरावर कुणीच दिसत नसतं आणि नेमकी तिथूनच गोळी येते. मग रील्स धुंडाळल्या जातात. कुणी सांगतं ही सेटिंग लावा, कुणी सांगतं फोन बदला. काही जण गेममध्ये फेरफार करणारं बाहेरचं ॲप टाकतात आणि शेवटी कित्येक महिने मेहनत घेतलेला आयडीच गमावून बसतात.

लांबचं नीट दिसायला काय लागतं, हा प्रश्न कोल्हापूरला नवा नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या. नेमबाजीत विश्वविजेती ठरलेली ती पहिली भारतीय महिला. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवलं. या दोन्ही प्रकारांत रायफलला दुर्बीण लावायची परवानगी नसते. तरीही नेम लागतो, कारण लक्ष्य मोठं दिसण्याइतकंच ते आजूबाजूपासून वेगळं उठून दिसणं महत्त्वाचं असतं. गेमच्या सेटिंग्सही याच तत्त्वावर चालतात.

३०० मीटरवरचा माणूस फोनवर केवढा दिसतो?

आधी थोडं गणित. १.८ मीटर उंचीचा माणूस ३०० मीटरवर उभा आहे असं समजा. निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या ६०व्या भागाइतका बारीक तपशील वेगळा ओळखता येतो. प्रत्यक्षात हा माणूस असे सुमारे २० भाग व्यापतो. म्हणजे चेहरा ओळखू येणार नाही, पण माणूस आहे, उभा आहे की बसलाय, एवढं सहज कळतं.

आता तोच माणूस गेममध्ये बघू. ६.५ इंची फोन, आडवे २४०० पिक्सेल आणि गेम समोरचं ९० अंशांचं दृश्य दाखवतोय असं धरलं, तर ३०० मीटरवरचा माणूस फक्त ७ पिक्सेल उंच येतो. मोजपट्टीवर मोजला तर अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी! जाडी तर जेमतेम २ पिक्सेल.

असं का होतं? फोन डोळ्यांपासून ३० सेंटिमीटरवर धरला की तो नजरेचे जेमतेम २८ अंश व्यापतो. तेवढ्याच जागेत गेम ९० अंशांचं जग कोंबतो. त्यामुळे सगळं चारपट लहान होतं. फोनवर ३०० मीटरवर असलेला शत्रू डोळ्याला १२०० मीटरवरच्या माणसाएवढा दिसतो. रंकाळ्याच्या या काठावरून पलीकडच्या काठावर फिरणारी माणसं आठवा. शर्टाचा रंग आणि हालचाल यावरूनच ती ओळखू येतात.

याच हिशोबाने बघितलं तर ४ एक्स स्कोपचं कौतुकही जरा कमी होतं. फोनवर ४ एक्स लावला की शत्रू जेमतेम तेवढा दिसतो, जेवढा तो प्रत्यक्षात उघड्या डोळ्यांना दिसला असता. म्हणून लांब शोधताना स्कोप उघडून डोंगर सावकाश न्याहाळणं हा कुठल्याही सेटिंगपेक्षा मोठा फायदा आहे.

रायफलच्या सेटिंग्स

५० मीटर रायफलच्या लक्ष्यावर मधला काळा गोल ११२.४ मिलिमीटरचा असतो. ५० मीटरवरून तो डोळ्याला ८०० मीटरवर उभ्या असलेल्या माणसाच्या उंचीएवढा भासतो. १० गुणांचं वर्तुळ तर फक्त १०.४ मिलिमीटरचं. ते डोळ्याच्या क्षमतेपेक्षाही बारीक आहे, म्हणजे नेमबाजाला १० चं वर्तुळ वेगळं दिसतच नाही. पांढऱ्यावरचा काळा गोल मात्र स्वच्छ दिसतो आणि त्याला पुढच्या साइटच्या कड्यात बरोबर मधोमध धरलं जातं.

हा गोल ठळक दिसावा म्हणून मागच्या साइटला लहान-मोठं करता येणारं छिद्र असतं. छिद्र लहान केलं की चित्र रेखीव होतं, पण अंधूकही होतं. उन्हाप्रमाणे आणि ढगांप्रमाणे रंगीत फिल्टर बदलता येतात. नेम न धरणाऱ्या डोळ्यापुढे छोटी पट्टी लावता येते. मोठं करणारं यातलं काहीच नाही. नको ते झाकायचं आणि हवं ते उठावदार करायचं, एवढंच काम. आणि प्रत्येक बदलात काहीतरी मिळतं, काहीतरी जातं. गेमच्या सेटिंग्सकडेही याच नजरेने बघायला हवं.

कोणती सेटिंग काय करते?

१. ग्राफिक्स: स्मूथ की एचडी? स्मूथवर सावल्या, चमक आणि बारीक सजावट कमी होते. चित्र साधं दिसतं, पण डोळ्याला भुलवणाऱ्या गोष्टीही कमी होतात. फोनवरचा ताण घटतो आणि जास्त फ्रेम रेट निवडता येतो. तोटा असा की बऱ्याच फोनवर स्मूथचं चित्र कमी पिक्सेलमध्ये तयार होऊन मग ताणलं जातं. ७ पिक्सेलचा शत्रू मग ४-५ पिक्सेलवर येतो. फोन ताकदवान असेल तर एचडी वापरून बघायला हरकत नाही. मध्यम फोनवर मात्र स्मूथ सरस ठरतं.

२. फ्रेम रेट. ३० फ्रेमवर चित्र दर ३३ मिलिसेकंदांनी बदलतं, ६० वर दर १७ आणि ९० वर दर ११ मिलिसेकंदांनी. स्थिर शत्रूला याने फरक पडत नाही, पण लांबचा माणूस बहुतेकदा हालचालीवरूनच सापडतो. कॅमेरा फिरवताना चित्र पुसट न होणं इथे कामी येतं. फोन गरम न होता जो सर्वांत वरचा फ्रेम रेट टिकतो, तोच ठेवा. गरम झालेला फोन स्वतःच वेग कमी करतो आणि नेमका शेवटच्या झोनमध्ये अडकायला लागतो.

३. अँटी-एलियासिंग. याने कडांच्या पायऱ्या गुळगुळीत होतात. घरं आणि गाड्या छान दिसतात. पण २ पिक्सेल जाडीचा माणूस मागच्या रंगात मिसळून जाऊ शकतो. बंद केल्यावर कडा टोकदार होतात, मात्र झाडांच्या फांद्याही चमचमतात आणि उगाच शत्रूचा भास होतो. दोन्ही करून बघावं, ज्याला जे जमेल ते.

४. सावल्या. जवळच्या लढाईत दाराआडची सावली शत्रूचा पत्ता सांगते. लांबवर मात्र झाडाखालच्या गडद सावलीत गडद कपड्यातला माणूस हरवतो. लांबून खेळणाऱ्यांना सावल्या बंद ठेवणं सोयीचं जातं.

५. रंगांची शैली. क्लासिक, कलरफुल, रिअलिस्टिक वगैरे पर्यायांत कलरफुल अनेकांना आवडतं, कारण हिरवळ आणि कपडे यांच्या रंगातला फरक वाढतो. सिनेमासारख्या छटा सुंदर असतात, पण सगळं एकाच रंगाकडे झुकवतात.

६. ब्राइटनेस. गेमचा ब्राइटनेस थोडा वाढवला की खिडकीतला आणि झाडाखालचा माणूस दिसतो. पण टोकाला नेला तर सगळंच फिकट होतं आणि उन्हातल्या वाळवंटात शत्रू पुसला जातो.

७. रंगांधांसाठीचे पर्याय. लाल-हिरव्या रंगांत फरक न कळणाऱ्यांसाठी ही सोय आहे. व्हॅलोरंट या गेममध्ये शत्रूभोवतीची रेघ लाल, जांभळी किंवा पिवळी करता येते. रंगांधता नसलेले खेळाडूही पिवळी किंवा जांभळी रेघ निवडतात, कारण ती भिंतींच्या रंगापासून वेगळी उठते. बीजीएमआयमध्ये शत्रूभोवती अशी रेघ नसते. त्यामुळे तिथे या पर्यायातून तेवढ्या फायद्याची अपेक्षा ठेवू नये.

गवतात लपलेला आणि स्वतःच फसलेला

हा मुद्दा नव्या खेळाडूंना फार महागात पडतो. फोनवर ताण येऊ नये म्हणून पब्जीसारखे गेम गवत फक्त जवळपासच्या भागात दाखवतात. ठरावीक अंतरापलीकडे जमीन नुसती रंगवलेली असते. तुम्ही गवतात झोपलात की तुम्हाला चहूबाजूंनी गवत दिसतं आणि आपण लपलोय असं वाटतं. दोन-तीनशे मीटरवरच्या शत्रूच्या पडद्यावर मात्र ते गवतच नसतं. त्याला मोकळ्या उतारावर आडवा पडलेला माणूस दिसतो!

ग्राफिक्सची सेटिंग वाढवून यातून सुटका नाही. लांबच्या शत्रूपासून लपायचं तर दगड, झाडाचं खोड, भिंत किंवा टेकडीचा उतार शोधायचा. या गोष्टी लांबूनही दिसतात. आणि उलट बाजूने, लांबच्या मोकळ्या उतारावर आडवा गडद ठिपका दिसला तर तो सोडायचा नाही.

टॅबलेट आणि बाहेरचे ॲप

टॅबलेटचा पडदा जास्त चौकोनी असल्यामुळे त्यावर वर-खालचं दृश्य जास्त दिसतं आणि पडदा मोठा असल्याने शत्रूही मोठा दिसतो. फोनवर तेच मिळावं म्हणून काही जण पडद्याचं प्रमाण बदलणारी किंवा ग्राफिक्सच्या फाइल्समध्ये ढवळाढवळ करणारी ॲप वापरतात. इथे रेषा स्पष्ट आहे. गेमच्या स्वतःच्या मेनूत जे आहे ते सगळं नियमात बसतं. मित्राने पाठवलेला सेन्सिटिव्हिटीचा कोड गेममध्येच टाकणंही नियमात आहे. गेम बदलणारं बाहेरचं सॉफ्टवेअर मात्र निर्मात्यांच्या अटींत बसत नाही आणि त्यासाठी आयडी बंद होऊ शकतो. शिवाय अनोळखी ठिकाणची एपीके फाइल टाकणं म्हणजे फोनमधले ओटीपी आणि फोटो परक्याच्या हाती देण्याचा धोका. पैसे घेऊन "सीक्रेट सेटिंग" विकणाऱ्यांकडे तर फिरकूच नये. मेनूत नसलेली जादू कुणाकडेच नसते.

फोनच्याही सेटिंग्स तपासा

बॅटरी सेव्हर चालू असेल तर वेग आणि उजेड दोन्ही घटतात. रात्रीसाठीचा पिवळसर मोड रंगांमधला फरक कमी करतो. ऑटो ब्राइटनेस ऐन वेळी पडदा अंधूक करतो. काही फोनमध्ये पडद्याचं रिझोल्यूशन कमी ठेवलेलं असतं, ते वाढवता येतं. खिडकीकडे किंवा ट्यूबलाइटकडे पाठ करून बसलात तर काचेवर उजेड चमकतो, म्हणून जागा बदला. नीट दिसावं म्हणून फोन नाकाशी नेऊ नका. दर २० मिनिटांनी २० सेकंद सुमारे २० फुटांवरच्या वस्तूकडे बघितलं तर डोळ्यांना विसावा मिळतो.

मग करायचं काय?

एका वेळी एकच सेटिंग बदला. ट्रेनिंग मैदानात मित्राला १००, २०० आणि ३०० मीटरवर उभं करा. आधी झाडाखाली, मग उन्हात, मग भिंतीपुढे. तो किती वेळात सापडतो ते बघा. जे सापडलं ते ठेवा, नाही ते मागे फिरवा. दुसऱ्याच्या रीलमधली सेटिंग त्याच्या फोनसाठी आणि त्याच्या डोळ्यांसाठी असते. रेंजवर नेमबाजही आपलं छिद्र आणि आपला फिल्टर स्वतःच्या डोळ्यानुसारच ठरवतात.

तुमच्या स्क्वाडमध्ये "मला कुणी दिसतच नाही रे" असं सतत ओरडणारा एक तरी असेलच. त्याला ही माहिती नक्की पाठवा.