शेरगिनच्या विहिरीचा तक्ता

याकुत्स्कची जमीन ऐन उन्हाळ्यातही आतून गोठलेली असते, हे सतराव्या शतकात तिथल्या अंमलदारांनी झारला कळवलं होतं. युरोपातल्या विद्वानांचा मात्र त्यावर दीर्घकाळ विश्वास बसला नाही. वाद मिटवला तो एका व्यापारी माणसाने. रशियन-अमेरिकन कंपनीचा तिथला कारभारी फ्योदर शेरगिन याने १८२८ मध्ये पाण्यासाठी विहीर खणायला घेतली. पाणी लागेना. तो नाद सोडणार होता, पण वाटेत तिथे आलेल्या आरमारी अधिकारी व्रांगेलने विज्ञानासाठी खणत राहायला सांगितलं. १८३७ मध्ये काम थांबलं तेव्हा खोली ३८२ फूट झाली होती (रशियन आणि इंग्रजी फूट सारखेच, म्हणून ११६ मीटर), आणि तळही गोठलेलाच.

१८४४ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीने पाठवलेला मिडेनडॉर्फ त्या विहिरीत उतरला. उघड्या विहिरीत हिवाळ्याची थंड हवा शिरून भिंती गारठतात, म्हणून त्याने भिंतींत आडवी भोकं पाडून त्यांत तापमापक बसवले. त्याचे आकडे असे: ५० फुटांवर उणे ८.३ अंश सेल्सियस, २०० वर उणे ४.९, ३८२ वर उणे ३.०. यावरून गोठण कुठवर जाते? ५० ते ३८२ फुटांचा सरासरी उतार पुढे ओढला, तर शून्य अंश ५७० फुटांवर येतो. फक्त खालचा टप्पा, २०० ते ३८२, धरला तर ६७० फुटांवर. एकाच तक्त्यातून शंभर फुटांचा फरक! मिडेनडॉर्फचा स्वतःचा अंदाज सहाशेच्या आसपासचा, म्हणजे दोन्हींच्या मधला. मला खालचा टप्पा अधिक भरवशाचा वाटतो, कारण हवेचा उपद्रव वरच जास्त.

याच प्रश्नावर कार्ल फॉन बेअरने १८४३ मध्ये अख्खा ग्रंथ छापखान्यापर्यंत नेला होता. त्याची मुद्रितं गीसेनच्या विद्यापीठ ग्रंथालयात पडून राहिली, आणि ग्रंथ प्रसिद्ध झाला थेट २००१ मध्ये.

पण जमीन किती खोल गोठली हे कळलं, म्हणून तिच्यात बर्फ किती हे कळत नाही. उणे तीन अंशांचा कोरडा खडकही गोठलेलाच म्हणायचा. याउलट सायबेरियातल्या येडोमा थरांत बर्फाच्या मोठाल्या पाचरी असतात, आणि काही ठिकाणी निम्म्याहून अधिक घनफळ बर्फाचंच भरतं. बर्फ किती हे कळण्यासाठी नमुना गोठलेला असतानाच तोलावा लागतो, भट्टीत वाळवून पुन्हा तोलावा लागतो, आणि पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं याचा हिशेब धरून घनफळ काढावं लागतं. मिडेनडॉर्फच्या तक्त्यात फक्त अंश आहेत, वजनं नाहीत.