केदारनाथ, मुक्तिनाथ आणि ढगात हरवलेली विमानं: यात्रेला निघण्याआधी हा इतिहास वाचा

मित्रहो, पोस्ट लांब आहे. पण घरातलं कुणी यंदा केदारनाथला किंवा नेपाळात मुक्तिनाथला निघालं असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

१५ जून २०२५. केदारनाथहून गुप्तकाशीकडे निघालेलं हेलिकॉप्टर पहाटे साडेपाचच्या सुमारास गौरीकुंडाजवळ जंगलात कोसळलं. वैमानिकासह सातही जण गेले. त्यात आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचं एक कुटुंब होतं: आई, वडील आणि दोन वर्षांचीही न झालेली लेक. असं काही घडलं की आपल्याकडे दोनच वाक्यं ऐकू येतात. "वेळ आली होती" आणि "देवाच्या दारी मरण आलं." दुःखात माणूस असंच बोलतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण डोंगरातल्या या अपघातांचा इतिहास मी जसजसा वाचत गेलो, तसतसं एक दिसत गेलं. जागा बदलते, कंपनी बदलते, गोष्ट मात्र जवळपास तीच असते. आणि जी गोष्ट पुन्हा पुन्हा त्याच रीतीने घडते, तिला नशीब म्हणून सोडून देता येत नाही.

आपल्या वाशिम जिल्ह्यात विमानतळ नाही. रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा, कारंजा, कुठलाही तालुका घ्या. बहुतेकांचा प्रवास एसटी, ट्रॅव्हल्स आणि रेल्वेचा. त्यामुळे आपल्याकडच्या कितीतरी वयस्कर माणसांचं आयुष्यातलं पहिलंच उड्डाण हे यात्रेतलं असतं. म्हणजे पहिल्यांदाच आकाशात जायचं, आणि तेही जगातल्या अवघड हवाई वाटांपैकी एकीवर. म्हणून ही वाट कशी आहे ते आपल्याला माहीत पाहिजे.

आधी मुक्तिनाथ. त्याच्याजवळचा विमानतळ जोमसोमचा. उंची सुमारे २७०० मीटर. एका बाजूला धौलागिरी, दुसऱ्या बाजूला अन्नपूर्णा, दोन्ही आठ हजार मीटरच्या वर, आणि मधल्या खोल दरीतून काली गंडकी वाहते. धावपट्टी साडेसातशे मीटरहूनही थोडी कमी. पोखऱ्याहून छोटं विमान निघतं आणि वीस-पंचवीस मिनिटांत पोचतं. दुपार जवळ आली की दरीतून असा वारा सुटतो की विमान उतरवणं धोक्याचं होतं, म्हणून उड्डाणं सकाळीच उरकतात. मोठ्या विमानतळावर ढगातही यंत्राच्या आधाराने विमान उतरवता येतं, इथे तसं नाही. वैमानिकाने डोळ्यांनी दरी बघायची आणि विमान न्यायचं.

आता या वाटेवरचा हिशेब बघा.

२१ ऑगस्ट १९९८: जोमसोमहून पोखऱ्याला निघालेलं विमान डोंगरावर आदळलं. १८ ठार.

२२ ऑगस्ट २००२: तीच वाट, तोच पावसाळा, पुन्हा डोंगर. १८ ठार.

१४ मे २०१२: जोमसोमला उतरता आलं नाही म्हणून परत वळताना विमान टेकडीला धडकलं. १५ ठार, सहा जण वाचले. मेलेल्यांत बहुतेक मुक्तिनाथला निघालेले भारतीय यात्रेकरू. रसनाच्या जाहिरातीतली आणि 'पा' चित्रपटातली मुंबईची तरुणी सचदेव याच विमानात होती. त्या दिवशी तिचा चौदावा वाढदिवस होता.

१६ मे २०१३: उतरलेलं विमान धावपट्टी सोडून थेट काली गंडकीच्या पात्रात गेलं. विमानात २१ जण होते, सगळे वाचले.

२४ फेब्रुवारी २०१६: पोखऱ्याहून जोमसोमला निघालेलं विमान डोंगरावर आदळलं. २३ ठार.

२९ मे २०२२: पुन्हा पोखरा ते जोमसोम. २२ ठार. त्यात आपल्या ठाण्याचं चौघांचं एक कुटुंब होतं.

वरच्या पाच जीवघेण्या अपघातांतच ९६ माणसं गेली, आणि तीही वीस-पंचवीस मिनिटांच्या एका फेरीत.

"नेपाळची विमानं जुनी, खटारा" असं कुणी म्हणेल. २०२२ चं विमान १९७९ च्या बांधणीचं होतं, हे खरं. पण २०१६ चं विमान जवळपास नवं कोरं होतं. दोन्ही एकाच तऱ्हेने गेली. २०१६ च्या चौकशी अहवालात कारण असं दिलंय: हवा खराब असूनही वैमानिकांनी विमान पुन्हा पुन्हा ढगात घातलं, दिशेचं भान सुटलं आणि विमान डोंगरावर गेलं. इंजिन बंद पडलं नव्हतं, पंख तुटला नव्हता. धडधाकट, वैमानिकाच्या पूर्ण ताब्यात असलेलं विमान डोंगरावर आदळलं. वैमानिकी भाषेत या प्रकाराला वेगळं नावच आहे, 'कंट्रोल्ड फ्लाइट इनटू टेरेन'.

शेतकरी माणसाला हे लगेच कळेल. दोन्ही बाजूंनी बांध असलेल्या अरुंद पांदणीत भरलेली ट्रॉली घातली आणि पुढे चिखल दिसला, तर ट्रॅक्टर तिथल्या तिथे वळवता येत नाही. ट्रॅक्टर निदान थांबवता तरी येतो. विमान थांबतही नाही. दरी अरुंद होत जाते, वर ढग खाली येत जातो, आणि एक जागा अशी येते की त्यापुढे वळायला रुंदी उरत नाही. परतायचा निर्णय त्या जागेच्या आधीच घ्यावा लागतो.

असे अपघात फक्त हिमालयातच होतात असं नाही. आपल्या सह्याद्रीतही झालेत. ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्रीनंतर सिडनीहून रोमकडे निघालेलं अलितालिया कंपनीचं मोठं जेट विमान मुंबईला उतरायच्या बेतात जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं. सगळे ९४ प्रवासी आणि कर्मचारी ठार झाले. मुंबई आहे त्यापेक्षा जवळ आली असं समजून विमान लवकर खाली आणलं गेलं होतं. त्याआधी १२ जुलै १९४९ ला केएलएम कंपनीचं विमान पावसाळी हवेत मुंबईतल्या घाटकोपरच्या टेकडीवर आदळलं होतं, त्यात ४५ जण गेले. त्यांत इंडोनेशियाहून परतणारे १३ अमेरिकन पत्रकार होते.

अशा अपघातांवर जगाने उपाय शोधला. डॉन बेटमन या अभियंत्याने जमीन जवळ आली की वैमानिकाला ओरडून सांगणारं यंत्र बनवलं. १९७४ मध्ये वॉशिंग्टनजवळ एक प्रवासी विमान डोंगरावर आदळल्यावर अमेरिकेने मोठ्या विमानांत ते सक्तीचं केलं, मग इतर देशांनीही केलं. नंतर त्यात डोंगरांचा नकाशाच भरला गेला. मोठ्या विमानांचे असे अपघात त्यामुळे पुष्कळ कमी झाले.

मग जोमसोमला काय झालं? २०२२ च्या विमानात हे यंत्र होतं. पण चौकशी अहवालाप्रमाणे, डोंगराचा इशारा देणारा त्याचा भाग बंद करून ठेवलेला होता. अशा दरीत दोन्हीकडे डोंगरच असतात, तिथे हे यंत्र सतत ओरडतं, आणि सतत वाजणाऱ्या भोंग्याकडे माणूस शेवटी लक्ष देत नाही. मला या सगळ्या इतिहासातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटली. उपाय विमानात बसवलेला होता, आणि रोजच्या सवयीने तो निकामी झाला. युरोपीय संघाने डिसेंबर २०१३ मध्येच नेपाळच्या सगळ्या विमान कंपन्यांना आपल्या आकाशात बंदी घातली होती. आपल्या यात्रेकरूंपर्यंत ही बातमी कधी नीट पोचलीच नाही.

आता केदारनाथ. मंदिर सुमारे ३५८० मीटर उंचीवर. तिथे विमानतळ नाही, हेलिपॅड आहे. गुप्तकाशी, फाटा, सिरसी इथून हेलिकॉप्टर काही मिनिटांत वर जातं. या उंचीवर हवा विरळ, त्यामुळे पंख्याला उचल कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही कमी पडतो. यात्रेकरूंना वजनकाट्यावर उभं करतात ते याचसाठी. इथेही दरी अरुंद, इथेही सगळा भरवसा डोळ्यांवर.

२५ जून २०१३ ला, महापुरानंतरच्या बचावकार्यात, वायुदलाचं हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळ कोसळलं आणि २० जवान शहीद झाले. १८ ऑक्टोबर २०२२ ला गरुडचट्टीजवळ यात्रेकरूंचं हेलिकॉप्टर खराब हवेत कोसळून सात जण गेले. २०२५ चा हंगाम तर सलग अपघातांचा गेला. ८ मे ला गंगोत्रीच्या वाटेवर सहा ठार, ७ जूनला एका हेलिकॉप्टरला थेट रस्त्यावर उतरावं लागलं, आणि १५ जूनला वणीचं कुटुंब असलेला तो अपघात. त्याच दिवशी खराब हवेत हेलिकॉप्टर उडवल्याबद्दल दुसऱ्या एका कंपनीच्या दोन वैमानिकांचे परवाने सहा महिन्यांसाठी निलंबित झाले. म्हणजे त्या पहाटे हवा वाईट आहे हे दिसत असूनही फेऱ्या सुरूच होत्या.

आता आपला भाग. वरच्या तारखा पुन्हा बघा: १४ मे, १६ मे, २९ मे, ८ मे, ७ जून, १५ जून. हा आपल्या मोकळिकीचा काळ आहे. तूर-हरभरा विकून झालेला असतो, हळदीचे पैसे आलेले असतात, पोरांना सुट्ट्या असतात, आणि मृग लागून पेरणीची घाई सुरू व्हायच्या आत यात्रा उरकायची असते. नेमका याच दिवसांत हिमालयात पावसाआधीचा ढग भरायला लागतो. आपलं शेतीचं वेळापत्रक आणि तिथला ढग एकाच वेळी येतात.

त्यात परतीचं रेल्वे रिझर्वेशन ठरलेलं. सहलीत चाळीस जण, प्रत्येक मुक्कामाचं हॉटेल आधीच बुक. एक दिवस उड्डाण थांबलं की सगळी माळ तुटते. मग यात्रेकरू टूरवाल्याच्या मागे लागतो, टूरवाला हेलिकॉप्टर कंपनीच्या मागे लागतो, आणि कंपनीला तर तशाही फेऱ्या हव्याच असतात. हे सगळं ओझं शेवटी जाऊन बसतं त्या एका वैमानिकाच्या डोक्यावर, ज्याला समोरचा ढग बघून मिनिटाभरात ठरवायचं असतं. त्या ओझ्यात थोडा वाटा आपलाही असतो, हे मान्य करायला हवं.

म्हणून काही गोष्टी सांगतो. यात्रेला जाऊ नका असं मी म्हणत नाही.

एक, यात्रेत दोन दिवस मोकळे ठेवा. परतीचं तिकीट त्या हिशेबाने काढा.

दोन, पैसे भरण्याआधी टूरवाल्याला विचारा: उड्डाण रद्द झालं तर पैसे परत मिळणार का, जादा मुक्कामाचा खर्च कोण करणार? उत्तर कागदावर घ्या. केदारनाथचं हेलिकॉप्टर तिकीट आयआरसीटीसीच्या अधिकृत हेलियात्रा संकेतस्थळावरूनच काढा.

तीन, "आज उड्डाण नाही" असं सांगितलं तर हुज्जत घालू नका. नाही म्हणणारा वैमानिक त्या दिवशी तुमचा सगळ्यात जवळचा माणूस असतो.

चार, पर्याय लक्षात ठेवा. जोमसोमला पोखऱ्याहून रस्ता आहे. जीपने जवळपास पूर्ण दिवस जातो, हाडं खिळखिळी होतात आणि डोंगरातल्या रस्त्याचे आपले धोके असतातच, पण गाडी थांबवता तरी येते. केदारनाथला पायवाट, घोडा, पालखी आहे. सोनप्रयाग ते केदारनाथ रोपवेला केंद्राने मार्च २०२५ मध्ये मंजुरी दिली आहे, १२.९ किलोमीटरचा, पण तो व्हायला वेळ लागेल.

आणि आपल्या खासदार-आमदारांना एक विनंती. अपघात झाला की श्रद्धांजलीची पोस्ट सगळेच टाकतात. त्याऐवजी हंगाम सुरू व्हायच्या आधी विचारा: त्या दरीत हवामान कोण बघतं, उड्डाण थांबवायचा अधिकार कुणाच्या हातात आहे, आणि थांबवल्यावर कंपनीने ऐकलं नाही तर काय होतं? वणी काही फार लांब नाही.

तुमच्या गावातून यंदा कुणी निघालं असेल, तर ही पोस्ट त्यांना वाचून दाखवा. म्हाताऱ्या माणसांना मोबाइलवर एवढं वाचवत नाही, म्हणून मुद्दाम वाचून दाखवा म्हणतोय. सुखरूप जा, सुखरूप या.