वाय गुणसूत्राची झीज आणि परसातील पपई

लिंगनिश्चिती करणारी गुणसूत्रे मुळापासून वेगळी नव्हती. माणसाचे एक्स गुणसूत्र सुमारे १५.५ कोटी आधारजोड्यांचे, तर वाय केवळ ६.२ कोटींचे; आणि वायवरील जनुके एक्सच्या मानाने फारच थोडी. तरीही सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी ही दोन्ही इतर गुणसूत्रांसारखीच एक सर्वसाधारण जोडी होती. त्यांची फारकत कशी झाली हे माणसापेक्षा पपईत अधिक स्पष्ट दिसते, कारण तिथे ही प्रक्रिया अद्याप तरुण आहे.

पपईचे रोप नर की मादी, हे फुलोरा येईपर्यंत बाहेरून ओळखता येत नाही. म्हणून स्वतंत्र नर-मादी झाडे असणाऱ्या वाणांची लागवड करताना बागायतदार एका खड्ड्यात दोन-तीन रोपे लावतात आणि लांब, लोंबते घोस दिसताच नर झाडे उपटून टाकतात. परागणापुरती मोजकीच राखतात. पपईत गुणसूत्रांच्या ९ जोड्या असतात. त्यांपैकी एका जोडीच्या छोट्या भागात लिंग ठरते. मादीत दोन एक्स असतात, नरात एक्स आणि वाय, तर उभयलिंगी झाडात एक्स आणि वायचे थोडे बदललेले रूप.

अशा विभागणीचा आरंभ, प्रचलित उपपत्तीनुसार, दोन उत्परिवर्तनांनी होतो. एकामुळे पुंकेसर निकामी होतात, दुसऱ्यामुळे स्त्रीकेसर. प्रजननपेशी तयार होताना जोडीतील गुणसूत्रे आपले तुकडे परस्परांत बदलतात. तशी अदलाबदल या दोन जनुकांच्या मधोमध झाली, तर दोन्ही दोष एकाच झाडात येऊन ते वांझ ठरेल. साहजिकच, ही अदलाबदल रोखणारा कोणताही बदल टिकून राहतो. गुणसूत्राचा एखादा तुकडा तुटून उलट दिशेने जोडला गेला की तो समोरच्या तुकड्याशी जुळत नाही आणि देवाणघेवाण थांबते. पपईत अशा दोन उलटापालटी आढळल्या आहेत : पहिली सुमारे ७० लाख वर्षांपूर्वीची, दुसरी सुमारे २० लाख.

झिजेला सुरुवात होते ती इथून. एक्सला मादीच्या शरीरात जोडीदार मिळतो आणि सदोष तुकडा बदलला जाऊ शकतो. वाय मात्र कायम एकाकी. त्यावरील एखादे हितकारक उत्परिवर्तन पसरले तर त्याला चिकटलेले दोषही पसरतात. पहिल्या टप्प्यात वाय आकसत नाही, उलट फुगते, हे नवलाचे. निरुपयोगी पुनरावृत्त अनुक्रम साचत जातात. पपईच्या उभयलिंगी झाडातील वायचा हा भाग ८१ लाख आधारजोड्यांचा आहे, एक्सवरील समांतर भाग ३५ लाखांचाच. हानीचा पुरावा बियांतच मिळतो. उभयलिंगी झाडाच्या स्वपरागणातून दोन उभयलिंगी झाडांमागे एक मादी निपजते. दोन्ही वाय वाट्याला आलेला चौथा गर्भ जगतच नाही, कारण जगण्यास आवश्यक असे काहीतरी वायने गमावले आहे.

माणसात हीच कहाणी पुष्कळ पुढे गेली आहे. नरत्व ठरविणारे ‘एसआरवाय’ जनुक १९९० मध्ये सापडले. ब्रूस लान आणि डेव्हिड पेज यांनी १९९९ मध्ये एक्स व वायवरील समान जनुकांतील अंतर मोजले, तेव्हा ती जनुके खडकाच्या थरांप्रमाणे चार वयोगटांत विभागलेली दिसली. म्हणजे देवाणघेवाण टप्प्याटप्प्याने थांबली होती. दोन्ही टोकांशी ती आजही चालते. दोष नरत्वाचा मात्र नव्हे. पक्ष्यांत असमान जोडी मादीकडे असते आणि तिथे झिजते ते मादीचे डब्ल्यू गुणसूत्र.

वाय एक दिवस नाहीसे होईल, या भाकिताला २०१२ मध्ये धक्का बसला. ऱ्हीसस माकडाच्या वायशी तुलना केली असता, गेल्या अडीच कोटी वर्षांत मानवी वायने मूळ जनुकांपैकी केवळ एकच गमावल्याचे आढळले. शिवाय वायवर आरशातील प्रतिमेसारख्या जोडप्रती आहेत. एकीतील दोष दुसरीवरून दुरुस्त होतो. अर्थात वायविना नर अशक्य नाहीत. जपानच्या अमामी बेटावरील काटेरी उंदरात वाय उरलेलेच नाही, तरी नर जन्मतात. ‘सॉक्स ९’ या जनुकाजवळील सुमारे १७ हजार आधारजोड्यांच्या तुकड्याची दुसरी प्रत फक्त नरांत असते, असे २०२२ मध्ये दिसून आले. ती ज्या साध्या गुणसूत्रावर आहे, तेच आता तिथले नवे लिंग गुणसूत्र होऊ पाहत आहे.