कोशात नसलेलं पीक

वलगावात बोलायचं तर शेतापासूनच सुरुवात करू. पऱ्हाटीत मधूनमधून तुरीची ओळ असते, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. पण आभाळातून पाहणाऱ्या यंत्राला ते कसं कळावं?

1987 पासून नासाचं 'अविरिस' हे उपकरण विमानातून जमीन पाहू लागलं. आपला डोळा तीन रंगांवर भागवतो. हे प्रकाशाचे 224 पट्टे वेगवेगळे मोजतं. 12 जून 1992 रोजी त्यानं अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या शेतांचं चित्र टिपलं. 145 गुणिले 145 ठिपके, 16 वर्ग. त्यांत मका आणि सोयाबीन भरपूर. पुढे जगभरचे संशोधक आपापली रीत याच चित्रावर पारखू लागले.

2009 मध्ये चेहरे ओळखण्यासाठी एक रीत पुढे आली होती. चेन, नसराबादी आणि ट्रॅन यांनी 2011 मध्ये ती अशा चित्रांना लावली. तिला 'विरल निरूपण' म्हणू. ओळखीच्या नमुन्यांचा कोश करायचा. अनोळखी ठिपका त्यातल्या मोजक्याच नमुन्यांच्या मिश्रणातून जुळवायचा. मग एकेका वर्गाचा वाटा तेवढा ठेवून पाहायचं. जिथं चूक सर्वांत कमी, ते त्याचं नाव. आमच्या नैयायिकांना हे पटलं असतं. थोडक्यात भागतं तिथं जास्तीची कल्पना नको, याला ते लाघव म्हणत.

आता अडचण पाहा. कोशात तूरच नसेल तर? 'सर्वांत कमी चूक' तरीही कुठंतरी निघतेच, आणि यंत्र बेधडक दुसरं नाव देऊन मोकळं होतं. त्यात 29 नोव्हेंबर 2018 ला इस्रोनं सोडलेल्या 'हायसिस' उपग्रहाचा एक ठिपका सुमारे 30 मीटरचा. तेवढ्यात पऱ्हाटी, तूर, काळी माती सगळंच येतं. त्याला एकच नाव कसं द्यायचं? उद्या नुकसानीचा पंचनामा अशा चित्रावर झाला, तर चुकीच्या नावाचा भुर्दंड कास्तकारालाच बसेल.

यावर उपाय दोन. चूक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली, की यंत्राला 'ओळखत नाही' म्हणू द्यायचं. ज्ञानाची ही पहिली पायरी आहे. आणि कोश इथल्या नमुन्यांनी भरायचा. त्यासाठी कोणीतरी पेढीकाठच्या धुऱ्यावर उभं राहून, समोर काय पेरलंय ते लिहून घ्यावं लागेल. ते काम आभाळातून होत नाही.